चकचकीत प्लॅटिनम, मळकं लोखंड

कोळशाच्या खाणीत वायूचा भडका उडू नये म्हणून हंफ्री डेव्हीने जाळीचा दिवा बनवला, हे शाळेत बहुतेकांनी वाचलेलं असतं. त्या दिव्याच्या मागोमाग त्याच्या हाती आणखी एक गोष्ट लागली. ती पाठ्यपुस्तकापर्यंत फारशी पोचली नाही. जानेवारी १८१७मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत त्याचा एक निबंध वाचला गेला, त्यात ती आहे. कोळशाचा वायू आणि हवा यांचं मिश्रण त्याने घेतलं. ते इतकं विरळ होतं की ठिणगी टाकली तरी पेटलं नसतं. त्यात प्लॅटिनमची बारीक तार किंचित गरम करून सोडली. ज्वाला कुठेच नव्हती, तरी तार लाल झाली, मग पांढरी झाली आणि वायू संपेपर्यंत तशीच तळपत राहिली. पॅलेडियमच्या तारेनेही तेच केलं. तांबं, चांदी, सोनं, लोखंड मात्र ढिम्म राहिले.

डेव्ही व्यवहारी माणूस होता. दिवा विझला तर खाणकामगाराला निदान तारेचा उजेड मिळेल, म्हणून दिव्यात प्लॅटिनमचं वेटोळं टांगा, असं त्याने सुचवलं. असं का होतं याचं त्याने दिलेलं कारण मात्र चुकीचं होतं. प्लॅटिनम उष्णता सहज वाहून नेत नाही आणि तापायला त्याला उष्णता थोडी लागते, म्हणून ते तापतं आणि तापलेलं राहतं, असं त्याला वाटलं. धातू स्वतः काही करत असेल ही शंका त्याला आली नाही.

दोन वायू एकमेकांशेजारी नुसते ठेवले तर वर्षानुवर्षं काही घडत नाही. तेच एखाद्या धातूला शिवले की क्षणात एकमेकांशी संयोग पावतात, आणि धातू जसाच्या तसा राहतो. असं का, याचं पटण्याजोगं उत्तर मिळायला दीडशेहून अधिक वर्षं गेली. या दीडशे वर्षांचा इतिहास माझ्या मते मुख्यतः धातू स्वच्छ करण्याचा इतिहास आहे. ज्याने जितका स्वच्छ धातू मिळवला त्याला तितकं आतलं दिसलं. आणि याच काळात जगाला खत, आम्ल, वनस्पती तूप पुरवणारे कारखाने उभे राहिले, त्यांतला सर्वांत मोठा मुद्दाम मळवलेल्या धातूवर. शुद्धी आणि मळ यांची ही दोन घराणी शंभर वर्षं एकमेकांना फारशी न भेटता शेजारी शेजारी वाढली.

डेव्हीचा चुलतभाऊ एडमंड डेव्ही याने १८२०मध्ये प्लॅटिनमची अगदी बारीक काळी भुकटी केली. अल्कोहोलच्या वाफेत ती न तापवताही पेटून लाल होई. हे वाचून येना विद्यापीठातला योहान वोल्फगांग ड्योबराइनर कामाला लागला. येना हे वायमारच्या संस्थानातलं छोटं गाव. ड्योबराइनरची नेमणूक झाली तेव्हा त्या संस्थानाचा कारभार पाहणाऱ्यांत कवी ग्योथे होता आणि त्याला रसायनाची मनापासून आवड होती. १८२३च्या उन्हाळ्यात ड्योबराइनरने हायड्रोजनचा झोत स्पंजासारख्या सच्छिद्र प्लॅटिनमवर सोडला. झोताबरोबर वाटेतली हवा मिसळली, स्पंज लालबुंद झाला आणि हायड्रोजन पेटला. काही दिवसांतच त्याने याचं यंत्र बनवलं. काचेच्या भांड्यात सौम्य सल्फ्युरिक आम्ल, त्यात जस्ताचा तुकडा, वर तोटी, तोटीसमोर प्लॅटिनमचा स्पंज. तोटी उघडली की विस्तव हजर. घासून पेटणारी आगकाडी बाजारात यायच्या आधीची ही गोष्ट. युरोपातल्या घराघरांत हे दिवे गेले, ग्योथेकडेही एक होता. ड्योबराइनरने पेटंट घेतलं नाही.

या दिव्याला एक खोड होती. काही काळ पडून राहिला की स्पंज सुस्त होई, आणि तो आगीत तापवून घेतला की पुन्हा चालू लागे. पॅरिसमध्ये द्युलाँ आणि तेनार यांनी त्याच वर्षी बरेच धातू तपासले, तेव्हा त्यांनाही हेच दिसलं. धातूचा गुण धातूत असतोच असं नाही, तो येतो आणि जातो. म्हणजे धातूवर काहीतरी बसतं आणि काहीतरी निघून जातं. पण ‘काहीतरी’ म्हणजे काय, हे विचारायला मायकेल फॅरडे यावा लागला.

फॅरडे तेव्हा विजेच्या मागे होता. विजेने पाण्याचं विघटन करून निघणारे हायड्रोजन आणि ऑक्सिजन तो एकाच नळीत गोळा करत असे. वीज बंद करून नळी तशीच ठेवली की आतला वायू हळूहळू कमी होई. नळी कुठे गळत नव्हती. शोध घेता घेता संशय प्लॅटिनमच्या पट्ट्यांवर आला, त्यातही धन ध्रुवाच्या पट्टीवर. तिच्या अंगावर दोन्ही वायू एकत्र येऊन पुन्हा पाणी होत होतं. विजेने पट्टीत काही खास शक्ती भरली असेल, हा पहिला अंदाज. फॅरडेचं मोठेपण असं की तो या अंदाजावर थांबला नाही. त्याने विजेशी कधी संबंध न आलेल्या पट्ट्या घेतल्या. त्या घासल्या, क्षारात तापवल्या, गरम सल्फ्युरिक आम्लात बुडवल्या, पाण्याने धुतल्या. त्याही तितक्याच जोराने काम करू लागल्या. कधी पट्टी लाल होऊन नळीत स्फोटही होई. तेव्हा विजेने पट्टीला शक्ती दिलेली नव्हती, विजेने तिला फक्त स्वच्छ केलं होतं. धुतलेली पट्टी उघड्या हवेत ठेवली की गुण ओसरे, पुन्हा धुतली की परते.

जानेवारी १८३४मध्ये रॉयल सोसायटीपुढे आलेला हा निबंध आजही वाचण्यासारखा आहे. प्रयोग करणाऱ्या माणसाचं डोकं कसं चालतं ते त्यात ओळीओळीला दिसतं. वायूंमध्ये थोडा कार्बन मोनॉक्साइड किंवा इथिलीन मिसळला तर पट्टीचं काम मंदावतं, आणि पट्टी पुन्हा शुद्ध मिश्रणात ठेवली की ती सुधारते, हे त्याने नोंदवलं. हायड्रोजन सल्फाइडने मात्र पट्टी कायमची बिघडते. त्याचं स्पष्टीकरण साधं होतं. वायूचे कण स्वच्छ पृष्ठभागाकडे ओढले जातात, तिथे दाटीवाटीने बसतात, आणि इतक्या जवळ आल्यामुळे एकमेकांशी संयोग पावतात. आज हे अपुरं वाटतं, पण दिशा बरोबर होती.

पुढच्याच वर्षी स्वीडनच्या बर्झेलियसने अशा सगळ्या क्रिया ‘कॅटॅलिसिस’, म्हणजे उत्प्रेरण, या एका शीर्षकाखाली आणल्या आणि त्यामागे एक वेगळी शक्ती असल्याचं मांडलं. नाव टिकलं. शक्ती काही सापडली नाही. फॅरडेने पट्टी धुवून जे दाखवलं होतं त्याकडे पुढची कित्येक दशकं फारसं कुणी वळलं नाही, आणि रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसच्या शक्तीवर वाद घालत राहिले. विल्हेल्म ओस्टवाल्डने शतक संपता संपता तो वाद मिटवला. उत्प्रेरक क्रियेचा वेग बदलतो, तिचा अंतिम समतोल बदलत नाही, असं त्याने सांगितलं. हे नेमकं होतं, उपयोगी होतं, १९०९च्या नोबेलला साजेसं होतं. पण धातूवर काय घडतं याबद्दल त्यात चकार शब्द नव्हता.

तोवर व्यापारी लोक थांबले नव्हते. ब्रिस्टलचा एक व्हिनेगरवाला, पेरेग्रिन फिलिप्स, याने १८३१मध्येच पेटंट घेतलं होतं. सल्फर डायऑक्साइड आणि हवा तापलेल्या प्लॅटिनमवरून न्या, की सल्फर ट्रायऑक्साइड होतो आणि त्यापासून सल्फ्युरिक आम्ल. कल्पना चोख होती. तरी अर्धं शतक कुणाला ती मोठ्या प्रमाणावर चालवता आली नाही, कारण गंधकाचा वायू पायराइट भाजून मिळे आणि त्याच्यासोबत आर्सेनिकचा अंश येई. प्लॅटिनम काही दिवसांत मरे. १८९०च्या दशकात जर्मनीतल्या बीएएसएफ कंपनीच्या रुडोल्फ क्नीच याने वायू आधी कसोशीने धुऊन घ्यायची पद्धत बसवली, तेव्हा कारखाना चालला. म्हणजे फॅरडेने प्रयोगशाळेत धातू धुतला, क्नीचने कारखान्यात वायू धुतला. पुढे या कामातून महाग प्लॅटिनम गेलं आणि व्हॅनेडियमचं ऑक्साइड आलं.

फ्रान्समध्ये तुलूझच्या पॉल साबातिए याला हाच धडा निकेलने दिला. १८९०मध्ये लुडविग माँडच्या प्रयोगशाळेत असं दिसलं होतं की निकेल कार्बन मोनॉक्साइड शोषून उडून जाणारं संयुग बनवतं. साबातिएला वाटलं, मग निकेल दुसरेही वायू पकडत असेल. १८९७मध्ये त्याने आणि त्याचा सहकारी साँदराँ याने इथिलीन आणि हायड्रोजन ताज्या निकेलवरून नेले, आणि इथेन मिळाला. ‘ताज्या’ हे महत्त्वाचं. निकेल ऑक्साइडपासून हायड्रोजननेच नुकतं मोकळं केलेलं असावं लागे, आणि गंधकाचा लवलेशही चालत नसे. डांबरापासून काढलेल्या बेंझिनमध्ये गंधकाचं एक संयुग लपलेलं असतं. ते काढल्याशिवाय निकेल बेंझिनला दाद देत नसे.

साबातिएने यावरून जे अनुमान काढलं ते मला या संपूर्ण इतिहासातलं सर्वांत शहाणं वाक्य वाटतं, जरी त्याने ते पुराव्यापेक्षा अंदाजाने म्हटलं. त्याचं म्हणणं असं: धातू आणि वायू यांचं मध्येच एक तात्पुरतं संयुग बनतं. ते बांधलं जाईल इतकं घट्ट हवं आणि मोडेल इतकं सैल हवं. फार घट्ट असेल तर वायू धातूला चिकटून बसेल, फार सैल असेल तर येणारच नाही. सोनं का निरुपयोगी आणि प्लॅटिनम का उपयोगी, याचं उत्तर इथे दडलेलं होतं. आज संगणकावर नवे उत्प्रेरक शोधतात तेही याच मापाने.

निकेलच्या या विद्येची एक शाखा थेट मुंबईत आली. जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मनने १९०२मध्ये पातळ तेलात निकेलची भुकटी घालून त्यात हायड्रोजन सोडला आणि तेल घट्ट केलं. शिवडीला हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने १९३२मध्ये याच पद्धतीने वनस्पती तूप बनवायला सुरुवात केली. पुढे ते डालडा म्हणून घरोघरी पोचलं. साजूक तुपाच्या कैवाऱ्यांनी त्याला नावं ठेवली, लग्नाच्या पंगतींनी ते संपवलं. निकेलवर विसावल्याशिवाय हायड्रोजनचे अणू तेलाच्या रेणूत शिरले नसते, हे त्या पंगतीत कुणाच्या ध्यानीमनी नसणारच. तिथेही नियम तोच: तेल नीट शुद्ध केलं नसेल तर निकेल लवकर बसतं.

आता मळाचं घराणं. २ जुलै १९०९ रोजी कार्ल्सरूहमध्ये फ्रिट्झ हाबरने बीएएसएफच्या माणसांना हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला. प्रचंड दाबाखाली नायट्रोजन आणि हायड्रोजन ऑस्मियम धातूवरून फिरत होते आणि दुसऱ्या टोकाला द्रवरूप अमोनिया ठिबकत होता, तासाला साधारण ८० ग्रॅम. यंत्र रॉबर्ट ल रॉसिन्योल या हाबरच्या सहकाऱ्याच्या हातचं होतं. पण ऑस्मियम जगातच इतकं थोडं की त्यावर कारखाना उभारणं अशक्य. बीएएसएफच्या कार्ल बॉशने पर्याय शोधायचं काम आल्विन मिटाश याच्याकडे सोपवलं.

मिटाशची रीत कंटाळवाणी होती, म्हणूनच ती मला आवडते. त्याने छोट्या छोट्या चाचणीच्या भट्ट्या लावल्या. प्रत्येकीत चिमूटभर पदार्थ घालायचा, अमोनिया किती निघतो ते मोजायचं, काढायचं, पुढचा घालायचा. १९१२पर्यंत सुमारे २,५०० पदार्थ आणि ६,५०० चाचण्या झाल्या. यातलं निर्णायक वळण मात्र सुरुवातीलाच, १९०९ संपता संपता आलं होतं. स्वीडनमधल्या येलिव्हारे इथलं मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकीय लोहखनिज, भट्टीत घातलं आणि अमोनिया भरभरून निघाला. शुद्ध लोखंड तर आधी नापास झालं होतं. दुसऱ्या ठिकाणचं लोखंडही चालेना. मग या खनिजात असं काय होतं? मिटाशने उलटा विचार केला: गुण लोखंडात नाही, लोखंडातल्या भेसळीत आहे. शुद्ध लोखंड घेऊन त्यात एकेक पदार्थ मोजून घालायला त्याने सुरुवात केली. थोडं ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, थोडं पोटॅश, थोडा चुना. जोड जमली.

इथे मळाचे दोन प्रकार पहिल्यांदा नीट वेगळे झाले. गंधक, क्लोरीन, आर्सेनिक हे मारणारे. ॲल्युमिना आणि पोटॅश हे तारणारे. फॅरडेच्या दृष्टीने सगळा मळ सारखाच होता, तो काढून टाकायचा. मिटाशने योग्य मळ योग्य प्रमाणात राखायला शिकवलं. सप्टेंबर १९१३मध्ये ऱ्हाइनकाठी ओप्पाऊला कारखाना सुरू झाला. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं, आणि खतासाठी बांधलेल्या कारखान्याचा अमोनिया दारूगोळ्याकडे वळला. हाबर स्वतः क्लोरीनचा विषारी वायू घेऊन आघाडीवर गेला. लोखंडावरच्या त्या क्रियेने पुढे कोट्यवधी माणसांच्या ताटात अन्न वाढलं, हेही तितकंच खरं, आणि या दोन गोष्टींची वजाबाकी करायला कोणी जाऊ नये.

हे लोखंड नक्की काय करतं हे मिटाशला माहीत नव्हतं, बॉशला नव्हतं, हाबरला नव्हतं.

उत्तराची पहिली खरी खूण दिव्याच्या कारखान्यात मिळाली. १९०९मध्येच अर्व्हिंग लँगम्युर अमेरिकेत स्केनेक्टडीला जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत रुजू झाला. विजेच्या दिव्यातली टंगस्टनची तार का झिजते, काच का काळवंडते, हा त्याच्यापुढचा प्रश्न. दिव्याचा गोळा म्हणजे उत्तम निर्वात भांडं, आणि पांढरी होईपर्यंत तापवलेली तार म्हणजे त्या काळात मिळू शकणारा सर्वांत स्वच्छ धातू. त्याने गोळ्यात थोडाथोडा वायू सोडून पाहिला. तापलेल्या तारेवर हायड्रोजनचे रेणू फुटून सुटे अणू होत होते. ऑक्सिजनचा अंश जरी आत शिरला तरी हे फुटणं थांबे. हिशेब केला तेव्हा कळलं की थांबवणारा ऑक्सिजन तारेवर जेमतेम एक अणू जाडीचा होता. फॅरडेच्या कल्पनेतली वायूची दाट गर्दी वगैरे काही नव्हती. पृष्ठभागावर ठरावीक जागा असतात, एका जागी एकच बसतो, आणि सगळ्या भरल्या की संपलं.

१९१८मध्ये त्याने याचं गणित मांडलं आणि १९२२मध्ये प्लॅटिनमवर कार्बन मोनॉक्साइड कसा जळतो ते दाखवलं. डेव्हीच्या तारेचाच हा प्रश्न, शंभर वर्षांनंतर. गरज दोन वायूंची आहे. पण कार्बन मोनॉक्साइडच्या रेणूला एक जागा पुरते, आणि ऑक्सिजनच्या रेणूला आधी फुटून दोन अणू व्हायचं असल्यामुळे शेजारशेजारच्या दोन जागा लागतात. सकाळी विरारहून भरून आलेल्या लोकलमध्ये एकटा माणूस कुठेतरी टेकतो, जोडप्याला शेजारी बसायला मिळणं मुश्कील. कार्बन मोनॉक्साइड जितका जास्त, तितकी क्रिया मंद, असं उरफाटं गणित यातून निघतं. फॅरडेच्या नळीत तो मिसळला की पट्टी का मंदावायची, याचाही उलगडा झाला. धातू तापवला की काही रेणू जागा सोडून उठतात, ऑक्सिजनला वाव मिळतो आणि क्रिया धावू लागते.

या घटकेला वाचकाने आपल्या पेट्रोलच्या गाडीचा विचार करावा. सायलेन्सरच्या आधी धुराच्या नळीत एक डबा असतो, आत चिनीमातीच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा अगदी पातळ लेप. गाडी सकाळी थंड असताना सुरू केली की पहिली मिनिट-दोन मिनिटं हा डबा जवळपास काहीच करत नाही, कारण कार्बन मोनॉक्साइडने सगळ्या जागा अडवलेल्या असतात. अडीचशे-तीनशे अंशांच्या आसपास तो जागा होतो. शहरातल्या धुराचा मोठा वाटा याच पहिल्या मिनिटांत सुटतो. भारतात १९९५च्या एप्रिलपासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना हा डबा सक्तीचा झाला, आणि त्याच्या सोबतीला शिसंविरहित पेट्रोल आणावं लागलं. शिसं हे माणसाला विष आहेच. पण शिशाचं पेट्रोल जगभर हटलं ते आधी प्लॅटिनमला विषबाधा होऊ नये म्हणून, आणि माणसाची पाळी मागाहून आली. पुण्या-मुंबईच्या गॅरेजवाल्यांना हा डबा चोरीला जातो म्हणून ठाऊक असतो. चोर त्यातल्या धातूंसाठी येतो.

लँगम्युरनंतर दोन वाद उरले. एक: सगळ्या जागा सारख्याच का? प्रिन्स्टनच्या ह्यू टेलरने १९२५मध्ये नाही म्हटलं. कडे, कोपरे, पायऱ्या अशा मोजक्या ठिकाणीच खरं काम होतं, असं त्याचं मत. विषाच्या अतिशय थोड्या मात्रेने अख्खा उत्प्रेरक निकामी होतो, हा त्याचा आधार. दोन: दोन्ही वायू आधी पृष्ठभागावर बसतात आणि मग एकमेकांना भेटतात, की एक बसलेला असतो आणि दुसरा वरून येऊन थेट त्याच्यावर आदळतो? पहिल्या मताला लँगम्युर आणि हिन्शेलवूड यांची नावं चिकटली, दुसऱ्याला ईली आणि रीडिअल यांची. नुसता वेग मोजून यातलं कोणतं खरं हे ठरेना. वॉशिंग्टनमध्ये पॉल एमेट आणि स्टीफन ब्रुनाउअर यांनी भुकटीचं एकूण क्षेत्रफळ मोजायची रीत शोधली. नायट्रोजन लोखंडाला ज्या संथ गतीने चिकटतो साधारण त्याच गतीने अमोनिया बनतो, हेही त्यांनी दाखवलं. म्हणजे अडतं ते नायट्रोजनपाशीच. याहून खोल जायला डोळे हवे होते.

डोळे मिळण्याची गोष्टही धातू साफ करण्याचीच. १९२५मध्ये न्यूयॉर्कच्या बेल प्रयोगशाळेत डेव्हिसन आणि जर्मर निकेलवर इलेक्ट्रॉन मारत होते. अपघाताने तापलेल्या निकेलवर हवा शिरली आणि ते ऑक्साइडने काळं पडलं. ते साफ करायला त्यांनी निकेल खूप वेळ तापवलं. त्या तापवण्यात निकेलचे बारीक कण जुळून मोठे स्फटिक झाले आणि त्यांवरून उसळलेले इलेक्ट्रॉन ठरावीक दिशांना जाऊ लागले. इलेक्ट्रॉन तरंगासारखा वागतो याचा हा पुरावा ठरला आणि नोबेलला पोचला. पण त्याच उसळीतून पृष्ठभागावरचे अणू कसे मांडलेले आहेत तेही वाचता येतं, हे साधन म्हणून वापरात यायला १९६०चं दशक उजाडलं.

विलंबाचं कारण हवा. साध्या हवेत धातूच्या प्रत्येक अणूवर दर सेकंदाला कोट्यवधी रेणू आदळतात. हवेच्या दाबाच्या साधारण एक अब्जांश इतकं निर्वात साधलं तरी एका सेकंदात पृष्ठभाग झाकला जाऊ शकतो. त्याच्याही दहा हजारपट विरळ पोकळी केली तर स्वच्छ धातू दोन-तीन तास हाताशी राहतो. अशी पोकळी नेहमीच्या कामात आली तेव्हा कुठे पृष्ठभागाचं शास्त्र खऱ्या अर्थाने सुरू झालं. फॅरडेची पट्टी आम्लात धुऊन जेवढी स्वच्छ झाली होती तिला हे लोक घाणेरडीच म्हणाले असते.

गेरहार्ड अर्टल यांनी जर्मनीत, आधी म्युनिकला आणि १९८६पासून बर्लिनच्या फ्रिट्झ हाबर संस्थेत, या साधनांनी दोन्ही जुने प्रश्न हातात घेतले. पॅलेडियमच्या एकसंध स्फटिकावर रेणूंचे झोत सोडून त्यांनी १९७०च्या दशकात दाखवलं की कार्बन मोनॉक्साइड आधी बसतो, इकडेतिकडे सरकतो आणि मगच शेजारच्या ऑक्सिजन अणूला मिळतो. लँगम्युर आणि हिन्शेलवूड बरोबर निघाले. आणखी एक बारकावा निघाला. ऑक्सिजनच्या अणूंच्या मांडणीत कार्बन मोनॉक्साइडला शिरकाव मिळतो. उलट, कार्बन मोनॉक्साइडने गच्च भरलेल्या पृष्ठभागावर ऑक्सिजनला मिळत नाही. प्लॅटिनमच्या काही पृष्ठभागांवर तर याहून अजब प्रकार दिसला. वायू बसले की धातूचे अणू स्वतःच जागा बदलतात, उठले की परत येतात, आणि क्रियेचा वेग आपोआप चढउतार करत राहतो. १९९०च्या सुमारास हे लहरींच्या रूपात प्रत्यक्ष दिसलं, फिरत्या चक्राकार लहरी. धातू जसाच्या तसा राहतो हे शेवटी खरं, पण मधल्या काळात तो स्वस्थ बसलेला नसतो.

लोखंडाचंही कोडं सुटलं. वायूचं प्रमाण बदलत पृष्ठभागावर काय उरतं ते मोजलं. हायड्रोजन वाढवला की लोखंडावरचे सुटे नायट्रोजन अणू कमी होत. म्हणजे नायट्रोजनचा रेणू आधी फुटतो, मग एकेक हायड्रोजन त्याला जोडला जातो आणि तिसरा जोडला की अमोनिया सुटून जातो. सगळी अडचण त्या पहिल्या फुटण्यात. आणि मिटाशचं पोटॅश? ते लोखंडाला इलेक्ट्रॉन पुरवतं, त्यामुळे नायट्रोजन अधिक घट्ट बसतो आणि सहज फुटतो. ॲल्युमिना लोखंडाचे बारीक कण तापून एकमेकांत मिसळू देत नाही. सत्तर वर्षांपूर्वी चाचण्यांनी जे सापडलं त्याला कारण मिळालं. अमेरिकेत बर्कलेला गॅबोर सोमोर्जाई यांच्या गटाने लोखंडाच्या वेगवेगळ्या बाजूंनी कापलेल्या स्फटिकांवर अमोनिया करून पाहिला. सर्वांत खडबडीत बाजू सर्वांत गुळगुळीत बाजूपेक्षा चारशेपटींहून जास्त सरस निघाली. टेलरच्या म्हणण्याचा उघड पुरावा १९९६मध्ये मिळाला. अर्टल यांच्या गटाने अणू दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने रुथेनियमवर नायट्रिक ऑक्साइड फुटताना पाहिला, आणि तो अणूंच्या पायरीच्या कडेलाच फुटत होता.

अतिनिर्वात पोकळीत एका चकचकीत स्फटिकावर पाहिलेलं, दोनशेपट दाबाच्या कारखान्यातल्या भेसळीच्या लोखंडाला लागू पडेल का, ही शंका रास्त होती आणि अनेकांनी ती बोलूनही दाखवली. १९८५मध्ये डेन्मार्कच्या स्टोल्त्झे आणि नोर्स्कोव्ह यांनी पोकळीतल्या मोजमापांवरून कारखान्यात किती अमोनिया निघायला हवा याचा हिशेब केला, आणि तो प्रत्यक्ष उत्पादनाच्या जवळ गेला. दोन्ही घराण्यांची सोयरीक जुळली ती इथे. २००७चं रसायनशास्त्राचं नोबेल अर्टल यांना एकट्याला मिळालं, त्यांच्या ७१व्या वाढदिवशी. सोमोर्जाई यांचं नाव त्यात नव्हतं याचं अनेकांना वाईट वाटलं, आणि ते मला चुकीचं वाटत नाही.

या ज्ञानाने मिटाशला मोडीत काढलं असेल असं कुणाला वाटेल, तर तसं झालेलं नाही. रुथेनियमचे उत्प्रेरक आले, काही कारखान्यांत बसलेही, पण त्यांचा वाटा लहान आहे. जगात आज वर्षाला पंधरा कोटी टनांहून अधिक अमोनिया तयार होतो, आणि त्यातला बहुतेक सगळा लोखंडावर. ते लोखंड करायची रीत अशी: मॅग्नेटाइट वितळवायचं, त्यात थोडं ॲल्युमिना, थोडा चुना, थोडं पोटॅश घालायचं, थंड करून फोडायचं. १९१०च्या कृतीत आणि या कृतीत फरक आहे तो तपशिलाचा.